दोन फुटांवरून

बानूआक्काची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आम्ही दोघंही जमिनीवर रांगत होतो. तिला कारण होतं. मला नव्हतं.

आमची मिठू तेव्हा दोन वर्षांची होती. बायको, सुनंदा, एका इस्पितळात नर्स. तिची पाळी सकाळी सातची. माझी आई गावाकडं, आणि तिनं साफ कळवलं होतं, "पाच पोरं वाढीवली मी. आता दुसऱ्याची न्हाय सांभाळणार." दुसऱ्याची म्हणजे माझी. मग सुनंदानंच कुठून कुठून चौकशी करून उचगावात एक खोली शोधून काढली. मिठूला सोडायला तीच जायची, दोन वाजता पाळी संपली की आणायलाही तीच. मला पत्ता ठाऊक होता, एवढा माझा सहभाग.

एके दिवशी तिला दुपारची पाळीही करावी लागली, म्हणून मला पाठवलं. इस्त्रीची पँट, खिशाला पेन, असा मी गेलो. गादीच्या दुकानामागं एक गोडाऊन होतं. दार अर्धं उघडं. आत चार-पाच पोरं झोपलेली, आणि पंचेचाळिशीची एक बाई पदर खोचून, हातापायांवर, नाक जवळजवळ जमिनीला लावून भिंतीकडंनं सरकत चाललेली.

"काय हरवलंय का?" मी विचारलं.

"हुडका की तुमीबी," ती मान वर न करता म्हणाली.

कानातलं पडलं असणार, मी ठरवून टाकलं. बाई संकटात आहे, आपण सुशिक्षित आहोत. मी बसलो की खाली. दहा मिनिटं त्या खोलीचा कोपरान् कोपरा रांगलो. एक वाटाणा मिळाला, एक बटण, आणि स्टेपलरची एक पिन. शेवटी धापा टाकत विचारलं, "सोन्याचं होतं का?"

"काय?"

"हरवलं ते."

ती टाचांवर बसली आणि माझ्याकडं बघत राहिली. "पावणं, माझं काय हरवल्यालं न्हाय. दिसातनं दोनदा फिरतो मी अशी. पोरं जितनं बघत्यात तितनं बघाय नको? ही पिन तुमास्नी घावली बघा. उद्या कुणाच्यातरी पोटात गेली असती." पिन तिनं एका डबीत टाकली. डबी निम्मी भरलेली होती. "कुणाचं तुमी?"

"मिठूचा... वडील."

"मग उठा. मिठू मघाधरनं जागी हाय. तुमच्याकडं बघून हसालीया."

कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी करतो, मी आलो' असंच म्हणतात. बानूआक्काच्या तोंडी ते फार शोभायचं. करणारी तीच एकटी होती.

नाव शहरबानू. घराणं पिंजाऱ्याचं. तिचे वडील खांद्यावर धनुकली टाकून दारोदार कापूस पिंजत फिरायचे. भावानं पुढं गाद्यांचं दुकान काढलं. लग्न बिद्रीकडं झालं होतं. नवऱ्याबद्दल कुणी विचारलंच, तर "हुता," म्हणायची आणि हातातलं काम करत राहायची. त्या 'हुता'वर पुढचा प्रश्न विचारण्याची हिंमत मी कुणात पाहिली नाही.

पोरं सांभाळायला ती ठरवून लागली नव्हती. दुकानातल्या गाद्यांना खोळी शिवायचं काम तिचं. मार्केट यार्डात कापड आणायला एकदा पहाटे गेली, तर सुरेखा नावाची मेथीवाली दिसली. शाहूवाडीकडनं पोट भरायला आलेली. सौद्याला, म्हणजे भाजीच्या पहाटेच्या लिलावाला, उभी होती, आणि तिचं दीड वर्षाचं पोरगं, बबलू, पायाला दोरी लावून क्रेटला बांधलेलं. टेम्पो मागं आला तसं क्रेट सरकलं आणि पोरगंही. वाचलं. बानूआक्का सांगायची, "आईला शिवी द्याय तोंड उघडलं बघा. मग बगितलं, तिच्या दोन्ही हातांत पेंढ्या. तोंड मिटलं आन् म्हटलं, आण हिकडं ते."

मग बबलूच्या मागून पोरं येत गेली, त्याला धरून अठरा झाली. भाजीवाल्यांची, धुणंभांडी करणाऱ्यांची, फाउंड्रीतल्या बायकांची. आणि एक आमची. फी अशी: दिवसाला एका मेथीच्या पेंढीचा जो भाव असेल तो. मेथी महागली की बाकीच्या आया सुरेखाच्या नावानं बोटं मोडायच्या. सुनंदाचा पगार बघून तिच्याकडून मात्र आक्का दोन पेंढ्यांचा भाव घ्यायची. मी एकदा कुरकुरलो, तर म्हणाली, "तुमच्या पोरीला येगळी खिचडी देतो व्हय मी? मग तुमी येगळं का? तर तुमास्नी परवडतंय म्हून."

खोलीत अठरा छोट्या गाद्या होत्या, तिनं स्वतः भरलेल्या. प्रत्येक गादीच्या उशाशी त्या पोराच्या आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा शिवलेला. "वास वळखतंय पोरगं. मग झोपतंय." आमच्या मिठूच्या गादीला सुनंदाच्या पांढऱ्या युनिफॉर्मचा तुकडा होता. गाद्यांवर नावं घालायला माझं अक्षर कामी आलं. माझं अक्षर चांगलं आहे. आयुष्यात निर्विवाद चांगली अशी माझी तेवढी एकच गोष्ट. कापडी पट्टीवर काळ्या शाईनं नाव आणि क्रमांक लिहून दिले. माझ्या पाचाला खाली उगीचच एक शेपटी येते. बानूआक्का पाच नंबरची गादी हातात धरून म्हणाली होती, "ह्यो पाच न्हवं, उंदीर हाय."

तिथं 'गप्प' हा शब्द बंद होता. पोरांना नव्हे, मोठ्यांना. जो मोठा माणूस पोराला "गप्प बस" म्हणेल, त्यानं तिथंच उकिडवं बसून एक गाणं म्हणायचं. मी दोनदा म्हटलं आहे. दुसऱ्या वेळी पोरांनीच "बास, बास," केलं.

आणि शिकवणं? मी मध्यमवर्गीय बाप, मला विचारायचं होतंच. "आक्का, ए-बी-सी-डी कधी सुरू करणार?"

"आधी 'का' शिकवतो."

"म्हणजे बाराखडी?"

"बाराखडी न्हवं वं. का? कशापाई? पोरानं दिसातनं पन्नास डाव इचारलं पायजे. चाळीसच झालं तर मी कपाळाला हात लावून बघतो, ताप हाय काय."

एका परातीत घेवडा, गवार, वाटाणा, सगळं एकत्र ओतायची आणि पोरांना वेगवेगळं करायला बसवायची. लांब कुठली, आखूड कुठली, कुठल्या शेंगेत किती दाणे. एका शेंगेत एकच दाणा निघाला तर त्यावर अर्धा तास चर्चा. त्याला भाऊ का नाहीत? तो एकटा झोपतो का? चार वर्षांचा बबलू एकदा म्हणाला, "त्याची आई बाजारला गेलीया." बानूआक्कानं तो दाणा दिवसभर जपून ठेवला, आणि दुपारी सुरेखा आली तेव्हा तिच्या हातावर ठेवला. का, ते तिला काही सांगितलं नाही. हे सगळं मी पाहिलेलं नाही. सुनंदानं सांगितलेलं आहे. मी तेव्हा हापिसात होतो.

हापीस कुठलं ते सांगत नाही. निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत.

आक्काच्या भावानं एक दिवस गोडाऊन विकायला काढायचा विषय केला. चूक त्याची नव्हती, त्याच्याही पोरी लग्नाला आल्या होत्या. तेव्हा उचगावाजवळ एक नवी सार्वजनिक इमारत उठत होती. त्यातली तळमजल्याची एक खोली बालसंगोपनासाठी मिळावी, असं बानूआक्काच्या डोक्यात आलं. नुसतं 'ठेवायला जागा' नव्हे. खिडकी खाली पाहिजे, पोराला बाहेरचं दिसेल अशी. संडास बारका. सांभाळणाऱ्या बायकांना धड पगार, म्हणजे त्या दर दोन महिन्यांनी बदलणार नाहीत. "मानूस बदललं की पोरगं पैल्यापास्नं रडतंय. एकदा लागल्यालं मानूस ऱ्हायला पायजे." एवढं सगळं, आणि फी मेथीची पेंढी. बाकीचं सरकारनं घालावं. "रस्त्याला घालत्यात न्हवं? मग?"

त्या इमारतीतल्या खोल्या द्यायचं काम आमच्याच हापिसाकडं होतं. ती तिथं सहा वेळा आली. दर वेळी "साहेब मीटिंगमध्ये". सातव्या वेळी ती एकटी आली नाही. सकाळी अकराला हापिसाच्या लांबलचक पॅसेजमध्ये अठरा गाद्या अंथरल्या गेल्या, आणि गाद्यांवर अठरा पोरं. घोषणा नाहीत, फलक नाहीत. तिनं तिचा रोजचा दिवस तिथं मांडला. परात आली, शेंगा आल्या. बाराला खिचडी. मग पोरं झोपली.

मी फायलीत डोकं खुपसून बसलो होतो. कारण पाच नंबरला माझी मुलगी झोपलेली होती आणि ती माझी आहे हे हापिसात कुणाला कळू नये, अशी माझी मनोमन प्रार्थना चालली होती.

साहेब बाहेर आले. पाय टाकायला जागा नाही. ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात आक्का ओठाजवळ हात नेऊन हळू आवाजात म्हणाली, "साहेब, जरा दमानं. आत्ताच झोपल्यात."

आणि काय सांगू, पुढचे दोन तास अख्खं कार्यालय कुजबुजत होतं! शिपाई चवड्यांवर चालत होते. हेडक्लार्क पाटील, ज्यांचा आवाज खाली चहाच्या गाडीपर्यंत जायचा, त्यांनी मला खुणेनं फाईल मागितली. एका नवख्या कारकुनानं जागं झालेल्या पोराला "ए, गप्प बस," म्हटलं, आणि आक्कानं त्याला तिथंच उकिडवं बसवून गायला लावलं. साहेबांनीही ऐकलं. शेवटी साहेब स्वतः खाली बसले, म्हणजे आक्कानं बसवलं. "दोन फुटावरनं बघा साहेब, मग बोला." तिथनं त्यांना काय दिसलं ठाऊक नाही, पण म्हणाले, "रीतसर अर्ज करा. विहित नमुन्यात."

अर्ज मी लिहिला. चोरून, घरी बसून. आपल्याच हापिसाला लिहायचा अर्ज आपणच लिहितोय हे बाहेर गेलं तर मेमो मिळाला असता. या विचारानं मला थोडं शूरही वाटत होतं. चार पानी मसुदा केला. कोवळ्या वयातलं शिक्षण, कष्टकरी माता, समाजाचं उत्तरदायित्व, सगळं त्यात आलं. आक्काला वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मिठूचं पप्पा, ब्येस झालंय. आमच्या खोलीचं हाय हे खरंच वाटंना."

मागं विहित नमुना जोडायचा होता. छापील तक्ता, चौदा रकाने. अर्जदाराचं नाव, लाभार्थी संख्या, क्षेत्रफळ, वेळ. तो काय वाचून दाखवायचा? तक्ता भरणं हा माझा वीस वर्षांचा धंदा. गरम भाकरी ताटात पडेपर्यंत भरून टाकला. 'वेळ' या रकान्यात माझ्या सुबक अक्षरात मी लिहिलं: सकाळी १०.३० ते सायं. ५.३०.

हे मी विचार करून लिहिलं नाही. विचार केला असता तर तेव्हाच कळलं असतं.

खोली मंजूर व्हायला तीन वर्षं लागली. तोवर मिठू शाळेत जायला लागली होती आणि तिच्या गादीवर दुसरंच कुणी झोपत होतं. सुरेखाला दुसरी मुलगी झाली होती. उद्घाटनाला फीत, नारळ, चार भाषणं. भाषणं चालू असताना बानूआक्का पाहुण्यांच्या पायांमधून गुडघ्यांवर सबंध खोली फिरून आली. प्लगचा खोका पोराच्या हाताला येईल असा बसवलाय, खिडकी तिच्या स्वतःच्या खांद्याला लागेल एवढी उंच, हे तिनं मोठ्यानं सांगितलं. लोक हसले. मीही. तरी ती खुशीत होती. त्याच संध्याकाळी भावाला गोडाऊनची चावी देऊन टाकली. चावीबरोबर त्याला पेढाही दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बायका पोरं घेऊन आल्या. दाराला कुलूप. सहा वाजले, सात वाजले. सौदा संपला. साडेदहाला किल्ली घेऊन नेमलेली बाई आली. मंजुरीचा कागद दारावर चिकटवलेला होता, त्यात वेळ होती. बायका जेव्हा बाजारातनं परत यायच्या तेव्हा खोली उघडायची, आणि पहाटे जेव्हा पोराला कुठं ठेवू हा प्रश्न असायचा तेव्हा तिला कुलूप असायचं. चालवायचा अधिकार दहावी पास बाईला. बानूआक्का सातवी. ती 'मदतनीस', आणि मदतनिसाकडं किल्ली नाही.

मला हापिसात कळलं तेव्हा मी आधी रागावलो. कुठल्या गाढवानं ही वेळ घातली म्हणून फाईल मागवली. तक्ता उघडला. साडेपाचातल्या पाचाला शेपटी होती.

मी हेडक्लार्क पाटलांना आडून विचारलं. ते म्हणाले, "शुद्धिपत्रक निघतंय की. आठ दिवसांत. फक्त चूक कुणाची ते लिहून द्याय लागतंय. ज्यानं तक्ता भरला त्यानं सही करून."

आमच्या बढतीची यादी त्याच महिन्यात लागणार होती.

बानूआक्का मला भेटायला आली. हापिसात नाही, घरी. पायरीवरच बसली, आत ये म्हटलं तर आली नाही. मांडीवर कापडी पिशवी.

"मिठूचं पप्पा, ही येळ कुनी घातली असंल वं?"

"वरनं आली असणार, आक्का."

"वरनं?"

"वरनंच येतं सगळं."

तिनं पिशवीचे बंद हाताला गुंडाळले. मग म्हणाली, "बरं," आणि उठली. मला वाटलं, सुटलो. यादीत माझं नाव लागलं. सुनंदानं पेढे केले.

त्यानंतर एका रविवारी मंडईत गेलो होतो. सुरेखा मेथी घेऊन बसलेली. तिची धाकटी, वर्ष-सव्वा वर्षाची, शेजारी. पायाला निळी नायलॉनची दोरी, दोरीचं दुसरं टोक क्रेटला. सुरेखा म्हणाली, "घ्या की सायेब, ताजी हाय." मी दोन पेंढ्या घेतल्या. त्या पोरीनं माझ्याकडं बघून 'का' म्हटलं की नुसता आवाज काढला, ते मी थांबून ऐकलं नाही.

आठ महिन्यांनी ती फाईल माझ्याच टेबलावर आली. बढतीमुळं टेबल बदललं होतं ना. खोली रिकामी असते, काय करायचं यावर टिपणी हवी होती. मी लिहिली: 'सदर केंद्रास लाभार्थ्यांचा प्रतिसाद नसल्याने जागेच्या पर्यायी वापराबाबत विचार होणे उचित वाटते. सादर.' व्याकरणाची एकही चूक नाही.

खोली कराराने एका खासगी शाळेला गेली. नावात 'किड्स' आहे. भिंतीवर टाय लावलेले ससे. फी महिन्याची नाही, वर्षाची, आणि ती ऐकून सुरेखासारखी बाई हसते, इतकी.

गेल्या महिन्यात करार वाढवायचा म्हणून मला जागेच्या पाहणीला पाठवलं. अकराच्या सुमारास गेलो. आत तीस पोरं ओळीत बसलेली, एक तरुण बाई टाळी वाजवून म्हणाली, "फिंगर ऑन लिप्स!" आणि तीसच्या तीस बोटं ओठांवर गेली. खोली इतकी शांत झाली की मला माझ्या पेनाचा आवाज ऐकू आला.

शेजारच्या मोकळ्या वर्गात एक बाई हातापायांवर वाकून भिंतीकडंनं सरकत होती. अंगात सशाचं चित्र असलेला अ‍ॅप्रन. केस पांढरे झालेले. मला इतका आनंद झाला की मी दारातूनच म्हणालो, "काय हरवलंय का, आक्का?"

तिनं मान वर केली. "फरशी पुसतोय."

हातात ओलं फडकं होतं. मी पाहिलंच नव्हतं.

मी बसलो तिथं. इस्त्रीची पँट होतीच. माझेही गुडघे आता वाजतात. मिठू अकरावीला गेली, सगळ्यांना का, का विचारून हैराण करते, असं काहीबाही सांगितलं. ती हसली, दात दोन पडलेत. बबलूचं विचारलं, तर म्हणाली, तो फाउंड्रीत जातोय. धाकटीचं मी विचारलं नाही.

मग म्हणालो, "आक्का, ती वेळ..."

"म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"पाचाची शेपटी वळखतो मी. अठरा गाद्या हायती घरात, तुमच्या हातच्या नावांच्या." फडकं पिळत ती सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. "अर्ज करून कागद मागवून घेतलाता. तुमच्याकडं आलतो तवा पिशवीतच हुता."

"मग बोलला का नाही तेव्हा?"

"तुमी बोलताय का बघत हुतो."

पलीकडच्या वर्गात बोटं अजून ओठांवरच असावीत. कसलाही आवाज येत नव्हता. बानूआक्कानं फडकं पुढं ढकललं, मध्येच थांबून फरशीच्या फटीतनं नखानं काहीतरी उचललं, बघितलं, अ‍ॅप्रनच्या खिशात टाकलं. डबी तिथंही ठेवली असणार.

"उठा आता," ती म्हणाली. "कडंकडंनं जावा. वल्या फरशीवर पाय उमटत्यात. परत पुसाय लागतंय मला."

मी भिंत धरून कडेकडेनं बाहेर आलो. मागं वळून पाहिलं तेव्हा मला तिची फक्त पाठ दिसली, ससा पुढच्या बाजूला होता. पाहणीचा तक्ता गाडीवर बसून भरला. 'स्वच्छता' या रकान्यात लिहिलं: समाधानकारक.

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ती घेवड्याच्या शिरा काढत होती, थांबली नाही. मी शुद्धिपत्रकाचं सांगितलं, यादीचं सांगितलं, पिशवीतल्या कागदाचं सांगितलं. शेवटी म्हणालो, "मुद्दाम नव्हतं गं लिहिलं. हापिसाची वेळ, हाताला सवय. सवयीनं गेलं."

"सवयीनं नाही," सुनंदा म्हणाली. "मिठूला मी पावणेसहाला सोडत होते तिथं. तीन वर्षं. तुमची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन जिना उतरायचे."